महाराजांचा चहा

चहा पिण्यात मोठेपणा तो कोणता? पण कोल्हापुरात एका माणसाच्या हातचा चहा पिणे, हे एके काळी मोठे धाडस होते.

गंगाराम कांबळे हे राजर्षी शाहू महाराजांच्या पदरी पागेत नोकरीला होते. पाण्याच्या हौदाला शिवले म्हणून इतर नोकरांनी त्यांना बेदम मारले. महाराज तेव्हा परगावी होते. परत आल्यावर त्यांनी मारणाऱ्यांना शिक्षा केली आणि गंगारामांना स्वतःचा धंदा काढायला मदत दिली. गंगारामांनी भाऊसिंगजी रोडवर चहाचे दुकान थाटले. दुकान स्वच्छ, चहा उत्तम. पण गिऱ्हाईक फिरकेना. अस्पृश्याच्या हातचा चहा कोण पिणार?

महाराजांनी काय करावे? त्यांची बग्गी त्या दुकानासमोर थांबू लागली. "गंगाराम, चहा आण," अशी हाक जाई. महाराज स्वतः चहा घेत आणि बरोबरच्या मानकऱ्यांनाही पाजत. राजाने घेतल्यावर नाही कोण म्हणणार?

मला या गोष्टीत एका मुद्द्याचे फार नवल वाटते. महाराज राजे होते. हुकूम काढणे त्यांच्या हातात होते, आणि त्यांनी ते काढलेही. १९०२ साली त्यांनी मागासलेल्या वर्गांसाठी नोकरीत ५० टक्के जागा राखून ठेवल्या. १९०६ साली मुसलमान मुलांच्या शिक्षणासाठी कोल्हापुरात संस्था निघाली, तिचे अध्यक्षपद त्यांनी स्वतःकडे घेतले. दसरा चौकातले मुस्लिम बोर्डिंग आजही उभे आहे. मग चहाच्या दुकानासमोर थांबण्याची गरज काय होती? हुकुमाने दुकानाचे दार उघडे राहते; पण आत पाऊल टाकायचे ते माणसाने आपल्या मनाने. ते पाऊल आधी कोणीतरी टाकून दाखवावे लागते. (जाता जाता सांगतो, 'हुकूम' आणि 'दुकान' हे शब्द तुमच्या घरच्या भाषेतलेही आहेत.)

त्याच कोल्हापूर जिल्ह्यात, शाहूवाडी तालुक्यात, विशाळगड आहे. १६६० साली पन्हाळ्याच्या वेढ्यातून निसटून शिवाजी महाराज तिकडे गेले आणि बाजीप्रभूंनी खिंड लढवली, हे तुम्ही इतिहासात वाचले असेल. तो वेढा फोडण्यासाठी नेताजी पालकरांबरोबर सिद्दी हिलाल आणि त्याचा मुलगा वाहवाह हेही आदिलशाही फौजेशी लढले होते, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही. त्या लढाईत वाहवाह जखमी होऊन शत्रूच्या हाती सापडला.

१४ जुलै २०२४ रोजी याच गडाच्या वाटेवरील गजापूर गावात फार वाईट घडले. गडावरील अतिक्रमणाच्या प्रश्नावरून लोक जमले होते. त्यांतल्या जमावाने गजापुरातील मुसलमानांच्या घरांवर हल्ला केला. घरे, दुकाने, वाहने फोडली, मशिदीचीही नासधूस केली. अतिक्रमण कोठे असेल तर ते कायद्याने काढावे. ज्यांचा त्याच्याशी संबंध नाही, त्यांची चूल मोडून काय साधते? पुढे राजर्षींच्या घराण्यातले खासदार शाहू छत्रपती गावात गेले आणि त्यांनी लोकांची विचारपूस केली. मोडलेली कौले नुसत्या भेटीने जागेवर बसत नाहीत. तरी चिखल तुडवत आपल्या दारी कोणी आले, हे माणूस विसरत नाही.

त्यानंतर काही महिन्यांनी मी एस.टी.ने मलकापूरला चाललो होतो. अवेळी पावसाची सर आलेली. पुढच्या बाकावरचा एक तरुण मोठमोठ्याने एका समाजाला नावे ठेवत होता. समोर दाटीत एक दाढीवाले आजोबा नातवाचा हात धरून उभे होते. मुलगा भिजलेला. बोलणे कोणाबद्दल आहे, हे त्या पोराला कळत होते. त्याने मान खाली घातली. गाडीतले सगळे खिडकीबाहेर पाहू लागले. जणू डोंगर आजच दिसत होता!

तेवढ्यात एक नऊवारीतल्या बाई आपली पाटी पायाशी ओढून म्हणाल्या, "ये बाळा, बस की हितं. केवढा वल्ला झालायस! चाचा, तुम्ही बी टेका जरा."

आजोबा म्हणाले, "असू द्या आक्का, जवळच उतरायचंय."

"जवळ असलं म्हणून काय झालं?" असे म्हणून त्यांनी मुलाचे डोके पदराने पुसले आणि त्याच्या ओंजळीत भुईमुगाच्या शेंगा घातल्या. त्या तरुणाला त्या एक शब्दही बोलल्या नाहीत. त्याच्याकडे त्यांनी पाहिलेसुद्धा नाही. त्याचे मत बदलले की नाही, कोण जाणे; आवाज मात्र खाली आला. मग कंडक्टरने आजोबांना स्वतःची जागा दिली आणि पाऊस, भात, यंदाचा भाव अशा गोष्टी निघाल्या.

मलकापूरला आजोबा उतरले. मुलाने मूठभर शेंगा उरवून ठेवल्या होत्या. त्या त्याने बाईंच्या पाटीत परत टाकल्या. "आरं, ऱ्हाऊ दे की!" म्हणत त्यांनी त्या पुन्हा त्याच्या खिशात कोंबल्या.