एका शब्दाच्या शेपट्या

माझी धाकटी नर्स आहे. जर्मनीत नोकरीला जायचे म्हणून ती जर्मन शिकते. तिथे नर्सला साधारण बी-२ पायरीपर्यंत भाषा यावी लागते. मागच्या वेळी लेखी पेपरात ती थोडक्यात राहिली. क्लासची फी मी भिशीतून भरली होती, त्याचेच तिला जास्त लागले.

रात्री भांडी आवरली की मी पुस्तक धरून बसते आणि ती पाठ म्हणते. मी सातवी पास.

एकदा ती रडवेली होऊन म्हणाली, "आई, 'भारतीय' या एका शब्दाला किती शेपट्या!" मूळ शब्द 'इंडिश'. चहा त्यांच्यातही पुल्लिंगी. नुसता चहा असेल तर 'इंडिशर टे'. आधी 'डेर' आला की 'डेर इंडिशे टे'. जेवण नपुंसकलिंगी, म्हणून 'इंडिशेस एसन', पण 'डास इंडिशे एसन'. त्या चहाबरोबर म्हणायचे तर 'मिट डेम इंडिशन टे'.

ऐकता ऐकता मला त्यातली गोम कळली. लिंग-विभक्तीची खूण कोणीतरी एकाने दाखवायची. पुढच्या 'डेर', 'डास'ने ती दाखवली की विशेषण मोकळे. पुढे कोणी नसेल, तर ते ओझे विशेषणाने उचलायचे.

मी म्हटले, "अगं, आपलं काय वेगळं आहे? काळा बैल, काळी गाय, काळं वासरू. आणि चारा घालायचा तर काळ्या बैलाला. तुझं ते 'अन' म्हणजे आपलं 'या' समज."

ती हसली. आपला 'भारतीय' शब्द कुठेच बदलत नाही, म्हणूनच ती अडखळत होती. आता ती मनात आधी 'काळा' म्हणून बघते. सगळीकडे हे चालत नाही हं. आपण 'गाय काळी आहे' म्हणतो, त्यांच्यात 'आहे'च्या जोडीला शेपटीच नाही. चहा भारतीय आहे, तर नुसते 'इंडिश'.

आणखी एक गंमत. आपल्याकडचा पुरुष 'इंडर', बाई 'इंडरिन', ही सरळ नामे. जर्मन माणूस मात्र विशेषणासारखा बदलतो: 'डेर डॉइचे', पण 'आयन डॉइचर'.

पुढच्या महिन्यात पुन्हा परीक्षा आहे. काल पोळ्या लाटता लाटता ती न अडखळता म्हणाली, "मिट आयनर इंडिशन कोलेगिन." म्हणजे एका भारतीय सहकारणीबरोबर. मी पिठाच्या हाताने पुस्तक उघडून पाहिले. बरोबर होते.

"आता झोप आई," ती म्हणाली, "सकाळी तुझी पहिली पाळी आहे."