बाबा आणि ‘हार्डली’

आमचं बालपण इंदूरच्या रामबागेत गेलं. बाबा कापड मिलमध्ये लूमवर होते. सातवीत असताना सरांनी ‘माझे वडील’ या विषयावर इंग्रजीत दहा वाक्यं लिहायला सांगितली. ‘स्लो’चं ‘स्लोली’ होतं, हे मी नुकतंच शिकलो होतो. म्हणून ऐटीत लिहिलं, ‘माय फादर वर्क्स हार्डली.’

सरांनी ते मोठ्यानं वाचलं आणि म्हणाले, “म्हणजे याचे पिताजी काम करतच नाहीत!” सगळा वर्ग हसला.

घरी आलो तर बाबा रातपाळीचा डबा पिशवीत ठेवत होते. “काय रे, तोंड पाडून का बसून राहिलास?” मी म्हटलं, “काही नाही.” ते सायकल काढून निघून गेले.

‘हार्डली’ म्हणजे जेमतेम, जवळजवळ नाहीच. ‘हार्डली एव्हर’ म्हणजे क्वचितच, ‘हार्डली एनीवन’ म्हणजे फारसं कुणीच नाही. नकार त्या शब्दाच्या पोटातच असतो, म्हणून सोबत वेगळा ‘नॉट’ लावत नाहीत. मेहनतीसाठी नुसतं ‘हार्ड’च म्हणायचं, त्याला ‘ली’ लागत नाही.

पुढे मीही इंग्रजीचा मास्तर झालो. एकदा मोठ्या शब्दकोशात या शब्दाचं मूळ बघितलं आणि बघतच राहिलो. ‘हार्डली’चा जुना अर्थ खरोखरच ‘जोर लावून, नेटानं’ असा होता! त्यावरून ‘मोठ्या कष्टानं’ झालं, आणि सोळाव्या शतकाच्या सुमारास ‘जेमतेम’. जे मोठ्या कष्टानं होतं ते थोडंच होतं, असा तो प्रवास. आपल्याला इंदूरवाल्यांना हे समजायला कठीण नाही. आपण म्हणतोच ना, “लग्नाला मुश्किलीनं पन्नास जण होते.” तिथेही मुश्किल कसली? माणसं कमी होती, एवढंच.

इंदूरच्या मिली एकेक करून बंद पडल्या, त्यात बाबांचीही गेली. मग दिवसा एका दुकानात हिशेब आणि रात्री चौकीदारी, असं करून त्यांनी घर कसंबसं चालवलं. कष्टही तेच आणि जेमतेमही तेच.

माझं वाक्य चुकलं होतं हे खरं, पण ते चारशे-पाचशे वर्षं आधी लिहिलं असतं तर चाललं असतं. हे बाबांना सांगितलं असतं तर ते खूप हसले असते. शब्दकोश उघडला तेव्हा ते राहिले नव्हते.

आता वर्गात एखादं पोर ‘वर्क्स हार्डली’ लिहितं, तेव्हा मी ते मोठ्यानं वाचत नाही. जवळ बोलावून आधी विचारतो, “बाबा काय करतात रे तुझे?”