श्रावणातला मे महिना

वर्षाचे ऋतू तीन, असं शाळेत शिकवतात. पण घर चालवणाऱ्या बाईला विचाराल तर तिचं वर्ष सुट्यांनी चालतं. दिवाळीची सुटी, नाताळची सुटी आणि सगळ्यांत मोठी ती मे महिन्याची. मे आला की साताऱ्याच्या नि सांगलीच्या स्टँडवर लेकुरवाळ्यांची गर्दी व्हायची. ट्रंका, पिशव्या, पाण्याचा फिरकीचा तांब्या आणि मुलांची भांडणं. आजीच्या घरी गच्चीवर कुरडया वाळत असायच्या, माडीवर आंब्याची अढी लागलेली असायची. आई-बाप कुठेही नोकरीला असोत, मुलांचा मे आजीकडे ठरलेला.

मुलगा परदेशी गेला की मात्र हे सगळं पंचांगच बदलतं. आता आपल्या गावांतसुद्धा अशी घरं थोडीथोडकी नाहीत, म्हणून आमचं 2025 चं वर्ष आम्ही कसं बसवलं ते सांगावंसं वाटलं.

माझं माहेर साताऱ्याचं आणि सासर सांगलीचं. कृष्णेचंही तसंच. महाबळेश्वरी जन्मली, वाईला नि माहुलीला खेळली, कऱ्हाडला कोयनेला कडकडून भेटली आणि सांगलीच्या घाटाला आली. आमचा थोरला लंडनजवळच्या एका गावी नोकरीला आहे. नातू नऊ वर्षांचा, नात सहाची. विलायतेतल्या शाळांना मोठी सुटी मिळते ती जुलैच्या शेवटच्या आठवड्यात, सहा आठवड्यांची. नाताळात दोन आठवडे, ईस्टरला दोन, मध्ये मध्ये एकेक आठवडा. मे महिन्यात इथे आंबे पिकतात तेव्हा तिथे शाळा जोरात चालू. “घेऊ द्या की चार दिवस रजा, पहिली-दुसरीतल्या पोरांचं काय बुडतंय!” असं मी एकदा सूनबाईला म्हटलं. ती म्हणाली, “आई, इथे कारणाशिवाय शाळा बुडवली तर दंड होतो. प्रत्येक मुलामागे प्रत्येक पालकाला 80 पौंड.” ऑगस्ट 2024 पासून इंग्लंडात हा आकडा आहे, तोही वेळेत भरला तर, उशीर केला की दुप्पट. दोन मुलं, दोन पालक! हिशेब केला आणि तो विषय मी कायमचा मिटवला.

अर्थात माणूस दूर असण्याची आपल्या मुलखाला सवय आहे. साताऱ्याजवळचं अपशिंगे मिलिटरी हे गाव तुम्हांला ऐकून ठाऊक असेल. घरटी एक तरी माणूस सैन्यात. पहिल्या महायुद्धात या एका गावचे 46 जवान कामी आले. तिथल्या बायकांचं वर्ष पिढ्यान्‌पिढ्या धन्याच्या रजेवर चालत आलं आहे. तो येईल तीच दिवाळी. तिकडे सांगली जिल्ह्यातल्या विटा, खानापूर, आटपाडीकडची गलाईवाली मंडळी सोनं-चांदी गाळण्याच्या धंद्यासाठी पार केरळ-पंजाबपर्यंत पांगली आहेत. गावात बंगले बांधलेले, पण कुलपं उघडायची ती जत्रेला.

आणि लंडनचं म्हणाल, तर सातारकरांना ते गाव तसं जुनंच. छत्रपती प्रतापसिंह महाराजांना इंग्रजांनी 1839 साली गादीवरून काढलं, तेव्हा त्यांची बाजू मांडायला रंगो बापूजी गुप्ते विलायतेला गेले आणि तब्बल चौदा वर्षं तिथे राहिले. पदरी यश आलं नाही. महाराज 1847 साली काशीत वारले, पुढच्याच वर्षी राज्यही खालसा झालं. परत आल्यावर रंगो बापूजी 1857 च्या उठावात उतरले. त्यांच्या मुलाला साताऱ्यात फाशी झाली आणि ते स्वतः जे निघून गेले ते इंग्रजांच्या हाती कधी लागलेच नाहीत. अजिंक्यताऱ्याच्या वाटेवर चार भिंतींपाशी त्यांचं स्मरण ठेवलेलं आहे. लहानपणी आम्ही तिथे हवा खायला जायचो. आता तिथे उभी राहिले की वाटतं, चौदा वर्षं! जहाजानं पत्र यायचं त्या काळात घरच्या बायकांनी सण कसे केले असतील? आमचं दुःख त्यामानानं किती लहान. रोज संध्याकाळी नातवंडांचे चेहरे फोनवर दिसतात.

2025 चा गुढीपाडवा आला रविवारी, 30 मार्चला. त्याच दिवशी विलायतेत घड्याळं एक तास पुढे केली. मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिथे हा खेळ चालतो. हिवाळ्यात आपल्यात नि त्यांच्यात साडेपाच तासांचं अंतर असतं, उन्हाळ्यात साडेचार तासांचं. गुढी उभारून फोन लावला तर तिकडे सगळे साखरझोपेत. सासूबाई म्हणाल्या, “एक तास गेला कुठं त्यांचा?” वय 86, पण प्रश्न बिनतोड.

मेमध्ये ती येऊ शकत नाहीत, मग आपणच जावं, असं आम्ही दोघांनी ठरवलं. सासूबाईंपाशी धाकट्या जाऊबाई येऊन राहिल्या, म्हणून हे जमलं. पाहुण्यांना एका वेळी सहा महिने राहता येतं, पण आम्ही पाच आठवडेच ठरवले. पाहुण्यानं पाहुण्यासारखं राहावं, म्हणजे सुनेचं नि आपलं गोड राहतं.

जाणाऱ्या भगिनींसाठी दोन गोष्टी सांगते. कंदी पेढे न्यायचा मोह आवरा. दुधाचे पदार्थ प्रवाशानं बरोबर आणलेले तिथे चालत नाहीत. ताज्या आंब्यापेक्षा हवाबंद डब्यातला आमरस बरा. आपली सांगलीची हळद, गोडा मसाला, मेतकूट, पापड आणि भडंगाचे पुडे मात्र खुशाल न्या. औषधं डॉक्टरांच्या चिठ्ठीसह हातातल्या पिशवीत ठेवा. आणि प्रवासाचा विमा उतरवल्याशिवाय घराबाहेर पडू नका. पाहुण्याला तिथे रुग्णालयात दाखल व्हायची पाळी आली, तर बिल आपल्यालाच भरावं लागतं.

लंडन पाहिलं. राजवाडा, नदी, पूल, सारं पाहिलं. तिथलं महाराष्ट्र मंडळ 1932 पासून चालू आहे हे कळलं तेव्हा अभिमान वाटला. पण मनात राहिली ती तिथली लांबलचक संध्याकाळ. जूनमध्ये रात्री नऊ वाजले तरी उजेड. नातवंडं घड्याळ बघून झोपायची आणि मी पडदे ओढून दिवेलागणीचं म्हणायची. डब्यातल्या आमरसाची वाटी पुढे ठेवली तर नात म्हणाली, “आजी, आंबा झाडावर कसा दिसतो?” तिचं काही चुकलं नव्हतं. तिनं भारतातलं झाड पाहिलं होतं ते फक्त पावसात भिजलेलं. माझ्या मात्र घशाखाली घास उतरेना.

परतताना विमानात मी ह्यांना म्हटलं, “त्यांचा मे आपल्याला आणता येत नाही, तर आपण आपला श्रावण त्यांना देऊ या.” त्या वर्षी श्रावण लागला 25 जुलैला आणि संपला 23 ऑगस्टला. म्हणजे त्यांची सुटी नि आपला श्रावण जवळजवळ हातात हात घालून आले होते. ऑगस्टच्या आरंभी मंडळी उतरली, ती चार आठवड्यांसाठी.

9 ऑगस्टला राखीपौर्णिमा. दादाला ओवाळायला मी सगळ्यांना घेऊन साताऱ्याला गेले. वहिनीनं नारळीभात केला होता. मग कासला गेलो. हे पठार पश्चिम घाटाच्या इतर ठिकाणांबरोबर 2012 साली जागतिक वारशात गेलं. फुलांचा खरा बहर सप्टेंबरातला, म्हणजे तोही शाळेनं हिरावलेला. पठार नुसतं हिरवंगार, वर धुकं. पण ठोसेघरचा धबधबा भरात होता. मुलं पाऊण तास हलली नाहीत. माहेरच्या अंगणात बेडूक, गांडुळं, शंखाच्या गोगलगायी. मुलांचा दिवस भुर्रकन जायचा. शुक्रवारी जिवतीची पूजा, पुरणाचे दिवे. नातवाला औक्षण करताना सासूबाईंनी डोळ्याला पदर लावला, तो मी पाहिला न पाहिल्यासारखं केलं.

सांगलीला परतलो तो पावसानं जोर धरला. ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात गावात एकच विषय: कोयनेचे दरवाजे किती उघडले आणि आयर्विन पुलापाशी पाणी किती फूट? 1929 सालचा हा पूल म्हणजे सांगलीकरांचा थर्मामीटर. 40 फुटांना इशारा, 45 ला धोका. 2019 च्या महापुरात पाणी 57 फुटांवर गेलं होतं. आमच्या तळमजल्याच्या भिंतीवर कमरेच्या वर त्याची खूण अजून आहे. गाळ उपसायलाच पंधरा दिवस लागले होते. नातवानं ती खूण बघितली, स्वतःची उंची लावली आणि गप्प झाला. रोज सकाळी मग तोच विचारायचा, “आजोबा, आज किती फूट?”

त्याच रात्री थोरल्यानं विषय काढला. “आई, 2005, 2019, 2021. किती वेळा गाळ काढणार? घर विकू, पुण्यात फ्लॅट घेऊ. विमानतळ जवळ, दवाखाने जवळ.” त्याचं बोलणं मायेचंच होतं. हेही बोलले नाहीत, म्हणजे त्यांनाही पटलं असावं. बोलल्या त्या सासूबाई. “घर विकलं तर पोरं सुटीला यायची कुठं? फ्लॅटला आजोळ म्हणतात व्हय?” सगळे हसले, पण उत्तर कुणापाशी नव्हतं.

मी दोन दिवस विचार केला. घर ठेवायचं तर ते भावनेवर ठेवून भागत नाही. पुरात सामान वर न्यायला आता आमच्या अंगात बळ नाही. म्हणून मी हिशेब मांडला. स्वयंपाकघर वरच्या मजल्यावर न्यायचं. खाली नेसती बाकं नि सतरंज्या ठेवायच्या. कागदपत्रं, दागिने, फोटोंचे अल्बम बँकेच्या लॉकरमध्ये. पाणी 40 फुटांवर गेलं की सासूबाईंना घेऊन विश्रामबागेत नणंदेकडे जायचं, पुढचा इशारा होण्याची वाट पाहायची नाही. पाच वर्षं असं करून बघू. नाही झेपलं तर मी स्वतः विकायला सांगेन. थोरल्यानं कागद दोनदा वाचला आणि म्हणाला, “वरच्या ओट्याचा खर्च माझा.” सध्या एवढ्यावर ठरलं आहे.

मग आले गणपती, 27 ऑगस्टला. सुटी संपायच्या आत! सांगलीच्या संस्थानच्या मंदिरात चतुर्थीच्या आधीच, प्रतिपदेला, गाजावाजा न करता चोर गणपती येतो. नात म्हणाली, “पोलीस त्याला पकडत नाहीत?” दुसऱ्या दिवशी तासगावचा रथ. परशुरामभाऊ पटवर्धनांनी बांधलेल्या मंदिराचं ते दक्षिणेसारखं उंच गोपुर, गुलालानं माखलेली माणसं, पेढे-खोबऱ्याची उधळण आणि दोरांनी ओढला जाणारा रथ. नातवानं दोराला हात लावला, तळहात लाल झाले, ते धुवायलाही तयार नव्हता. 30 तारखेला मंडळी गेली, तेव्हा कानामागचा गुलाल तसाच होता.

दिवाळी फोनवर झाली. लक्ष्मीपूजन 21 ऑक्टोबरला आणि त्यांच्या शाळेची आठवड्याची सुटी त्यानंतरच्या आठवड्यात. पूर्वी अशा वेळी मला रडू यायचं. या खेपेला चकल्या-कडबोळ्यांचा डबा आधीच रवाना केला आणि सूनबाईला सांगितलं, “तुमच्या सुटीत तुम्ही पुन्हा एकदा दिवाळी करा. पणती काही तारीख विचारत नाही.” तिनं केली. नाताळात तिकिटांचे भाव परवडेनात म्हणून ती आली नाहीत. पुढे आपल्या भागातली द्राक्षं जहाजानं तिकडच्या दुकानांत पोचतात. माणसांपेक्षा त्यांचा प्रवास सोपा!

भगिनींनो, मुलं आपल्या सणाला येत नाहीत म्हणून झुरत बसू नका. त्यांच्या शाळेचं सुट्यांचं पत्रक मागवा आणि ते आपल्या पंचांगाशेजारी टांगा. जिथे दोन्ही जुळतील तिथे खुणा करा. 2026 साली अधिक ज्येष्ठ आहे, त्यामुळे गणेशचतुर्थी 14 सप्टेंबरला, शाळा उघडल्यावर. म्हणून आमच्या घरी वाटणी ठरली: त्या वर्षीचा गणपती त्यांनी तिकडे बसवायचा, आरत्या आम्ही फोनवरून म्हणायच्या. श्रावण मात्र आमचा. आणि जरा लवकर, अगदी जुलैअखेरीस, त्यांना यायला जमलं, तर कुठल्या तरी उशिराच्या झाडावरचा एखादा रायवळ आंबा नातीला झाडावर दाखवता येतो का, याची चौकशी दादानं आतापासूनच चालवली आहे.