फेस

खाऱ्या पाण्याच्या पेटीत आमचे मासे दोन. पण पाणी स्वच्छ करणारा स्किमर मी आणला तो मोठा. हौस, दुसरे काय! बारीक बुडबुड्यांना घाण चिकटते आणि फेस होऊन वरच्या वाटीत चढते. या राक्षसाला पुरेशी घाणच मिळेना! पंधरा दिवस हवेची चावी पिळली, तेव्हा कुठे चहाच्या रंगाचा फेस जमला.

नरकचतुर्दशीला कलंडलेला दगड सावरायला मी अंगाला तेल लावलेल्या हातानेच पाण्यात हात घातला. फेस बसला! चावीकडे धावलो.

“आता हात लावू नका हो,” ही म्हणाली.

फराळ झाला, पाहुणे येऊन गेले. धाकटी येऊन मासे मोजून जाई. दिवेलागणीला फेस पुन्हा वाटीच्या गळ्याशी आला.

“दोन आहेत, बाबा!”