भांगाचे पाणी

वैभववाडी तालुका सिंधुदुर्ग जिल्ह्यात असला तरी त्याला समुद्र नाही. करूळ आणि भुईबावडा या दोन घाटांच्या पायथ्याशी वसलेल्या आमच्या गावांत समुद्र यायचा तो आठवड्याच्या बाजारातून, सुक्या बांगड्यांच्या आणि गोलम्याच्या वासाने. दुसरा समुद्र क्रमिक पुस्तकातून आला. या दोहोंचा एकमेकांशी काही संबंध असावा असे शाळेत कुणी सुचवले नाही, आणि पुढे स्वतः साहित्य शिकवू लागल्यावर त्याचे कारण हळूहळू ध्यानात येत गेले.

मराठी कवितेतला समुद्र प्रामुख्याने पृष्ठभागाचा समुद्र आहे. सावरकरांनी १९०९ मध्ये ब्रायटनच्या किनाऱ्यावर ज्याला साकडे घातले तो मायभूमी आणि कवी यांच्यामध्ये पसरलेला सागर. कुसुमाग्रजांच्या कोलंबसाने ज्याला आव्हान दिले तो माणसाच्या पराक्रमाचे माप ठरणारा सागर. दोन्ही कविता थोर आहेत. पण दोन्हींत पाणी हे कशाच्या तरी आड येणारे आहे. त्याच्या आत काय आहे हा प्रश्न त्या कवितांना पडण्याचे कारणच नव्हते. कोकणातल्या कथा-कादंबऱ्यांत तो बहुधा गाजेच्या रूपाने येतो, म्हणजे केवळ ऐकू येतो. आणि खोलीचा विचार आलाच तर 'रत्नाकर' हा वारशाने मिळालेला शब्द हाताशी असतो. तळ म्हणजे तिजोरी.

हे सारे मनात घेऊनच मी तळेरे, कणकवली, कसाल अशा वाटेने मालवणला गेलो होतो. सिंधुदुर्ग किल्ला, शेजारचा पद्मगड आणि भोवतालचे पाण्याखालचे खडक यांना कवेत घेणारे मालवण सागरी अभयारण्य १९८७ साली घोषित झाले. त्याचे क्षेत्र सुमारे २९ चौरस किलोमीटर, त्यातला कडक संरक्षणाचा गाभा जेमतेम तीन. ज्या बुरुजांचे काम शिवाजी महाराजांनी १६६४ साली कुरटे बेटावर सुरू करवले, त्यांच्या सावलीत आज स्कूबा डायव्हिंगच्या होड्या नांगर टाकतात.

पाण्यात उतरण्याआधी एक छोटा पाठ घेतला जातो. माझ्यासारख्याला तो व्याकरणाच्या तासासारखा वाटला. तोंडात श्वासाची नळी असल्याने बोलणे संपते, उरतात खुणा. अंगठा वर म्हणजे 'छान' नव्हे, 'वर चला'. 'ठीक आहे' म्हणायचे तर अंगठा आणि तर्जनी यांचे वर्तुळ करायचे. चिन्ह आणि अर्थ यांचे नाते संकेताने ठरते, हे वर्गात सोस्यूरचे नाव घेऊन कितीदा सांगितले असेल. इथे मात्र संकेत चुकला तर माणूस भलत्या दिशेला नेला जातो. मग कानांवर दाब येतो, नाक चिमटीत धरून तो सोडवावा लागतो. दहा मीटर खोलीवर हा दाब जमिनीवरच्या दुप्पट होतो. आम्ही तितके खाली गेलो नाही. सात-आठ मीटरांवरच रंगांची गळती सुरू झालेली होती, आणि सर्वांत आधी जातो तो लाल.

ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. मराठी माणसाला प्रवाळ ठाऊक आहे ते पोवळे म्हणून: नवरत्नांतले एक, मंगळासाठी अंगठीत बसवायचे, लालभडक. ते पोवळे मुख्यतः भूमध्य समुद्रातले. मालवणच्या खडकांवर जे प्रवाळ आहेत ते तपकिरी, हिरवट, करडे. कुठे घुमटासारखे, कुठे खडकावर लिंपल्यासारखे. त्यांचा रंगही त्यांचा स्वतःचा नाही. तो त्यांच्या ऊतींत राहणाऱ्या सूक्ष्म शैवालाचा. हे शैवाल अन्न पुरवते, बदल्यात आसरा घेते. पाणी फार तापले की हा संसार मोडतो आणि प्रवाळ पांढरे पडते. १९९८, २०१० आणि २०१६ या वर्षी भारताच्या समुद्रांत असे मोठ्या प्रमाणावर घडले. आपल्याकडे रत्नाला शब्द आहे. अशा सहजीवनाने जगणाऱ्या, वर्षाला जेमतेम सेंटिमीटरभर वाढणाऱ्या प्राण्याला मात्र आपण त्याच रत्नाचा शब्द उसना दिला आहे. रत्न म्हटले की ते मालकीचे होते, निदान फोटोपुरते तरी.

फोटो हा इथला कळीचा शब्द. पाण्याखाली स्थिर राहणे हे शिकून येणारे कौशल्य आहे. एका सकाळीपुरता आलेला पर्यटक कॅमेऱ्यासमोर स्थिर राहण्यासाठी हाताला लागेल ते धरतो, पायाला लागेल त्यावर उभा राहतो. या अभयारण्यातल्या हौशी डायव्हिंगमुळे प्रवाळांना होणाऱ्या इजेवर गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या संशोधकांचा निबंध २०२० साली प्रसिद्ध झाला. अभयारण्य झाले तेव्हा विरोध केला तो मच्छीमारांनी, कारण जाळे बंद होण्याची भीती होती. आज त्याच मच्छीमार समाजातली अनेक मुले डायव्हिंगवर पोट भरतात. ज्याच्यापासून समुद्र वाचवायचा तो आता जाळे घेऊन येत नाही, तिकीट काढून येतो. आणि त्यात मीही आलो. या मुलांना दोष देणे वैभववाडीत बसून फार सोपे आहे. खडप कुठे, प्रवाह कधी फिरतो, हे त्यांना वाडवडिलांकडून आले आहे. त्या ज्ञानाला बाजारात दुसरी किंमत कुणी दिली?

त्यांच्याच तोंडी एक शब्द ऐकला, आणि तो आता वर्गात सांगावासा वाटतो. अमावास्या-पौर्णिमेच्या भरतीला उधाण म्हणतात. अष्टमीच्या सुमारास भरती-ओहोटीतला फरक सर्वांत कमी, तो भांग. आपल्या साहित्याने यांतले उधाण उचलले. प्रेमाला उधाण, शोकाला उधाण, प्रतिभेलाही. भांग भूगोलाच्या पुस्तकात राहिला. पण उधाणात गाळ उठतो आणि खाली हातभरही दिसत नाही. माझ्या दिवशी पाणी गढूळच होते. जे पाहिले ते धुक्यातून पाहावे तसे. वर आल्यावर माझा हात धरून नेणारा तो पोरगेला तरुण गॉगल धुता धुता म्हणाला, "सर, अष्टमीच्या आसपास येवा. भांगात पाणी निवळ असता."