पेढीचे नाव आणि पोराचे नाव

व्यापारी घरांत नावाचा प्रवास एका ठराविक दिशेने होत असतो. आजोबांचे किंवा थोरल्या मुलाचे नाव पेढीला मिळते, दुकानाच्या पाटीवर चढते, खातेवहीवर आणि बिलावर उमटते, आणि दोन-तीन पिढ्यांनी सारे गाव त्या घराला पेढीच्याच नावाने ओळखू लागते. माणसाचे नाव मालाला द्यावे, ही रीत इतकी अंगवळणी पडलेली आहे की तिच्याकडे कोणी मुद्दाम पाहतही नाही. अमेरिकेत मात्र ही गंगा उलटीही वाहते. तेथे मालाचे नाव माणसाला मिळते. २००० साली जन्मलेल्या साडेतीनशेच्या आसपास मुलींची नावे त्या देशात ‘लेक्सस’ अशी नोंदली गेली. लेक्सस ही टोयोटा कंपनीने १९८९मध्ये बाजारात आणलेली महागडी मोटार. त्याच सुमारास ‘अर्मानी’ आणि ‘शनेल’ या नावांच्या मुलीही शेकड्यांनी आढळल्या. ही दोन्ही नावे उंची कपडे विकणाऱ्या घराण्यांची. आणि दोन मुलगे तर ‘ईएसपीएन’ या क्रीडावाहिनीचे नाव घेऊन शाळेत गेले.

हे वाचून हसू येते. परंतु या नावांची कुळकथा शोधू लागले की हसू थोडे आवरावे लागते. ‘टिफनी’ हे नाव ऐकताच न्यूयॉर्कची ती प्रसिद्ध जवाहिऱ्याची पेढी डोळ्यांपुढे उभी राहते. ही पेढी १८३७मध्ये चार्ल्स लुईस टिफनी यांनी भागीदारीत सुरू केली, आणि आरंभी तेथे दागिन्यांपेक्षा कागद, लेखनसाहित्य आणि शोभेच्या वस्तूच अधिक विकल्या जात. १९६१मध्ये या दुकानाचे नाव शीर्षकात असलेला चित्रपट गाजला आणि १९८०च्या दशकात टिफनी हे अमेरिकेतील मुलींच्या पहिल्या वीस नावांत जाऊन बसले. लोकांना ते अगदी आधुनिक आणि दुकानी नाव वाटते. मुळात मात्र ते ‘थिओफानिया’ या ग्रीक शब्दाचे झिजलेले रूप आहे. थिओफानिया म्हणजे देवाचे प्रकट होणे. ६ जानेवारीच्या ख्रिस्ती सणाला जन्मलेल्या मुलींना मध्ययुगात हे नाव ठेवीत. देवघरातले नाव आधी आडनाव झाले, आडनावाची पेढी झाली आणि पेढीवरून ते पुन्हा पाळण्यात आले.

‘मर्सिडीज’ची गोष्ट याहून रंजक आहे. एमिल येलिनेक हा ऑस्ट्रियन व्यापारी फ्रान्समधील नीस येथे डाइमलर कंपनीच्या मोटारी विकत असे. १८८९मध्ये जन्मलेल्या आपल्या मुलीचे नाव त्याने १९००च्या सुमारास नव्या मोटारीला द्यायला लावले. ते नाव मूळ स्पॅनिश आहे, आणि दयामूर्ती मेरीमातेच्या एका नामाभिधानातून आले आहे. मोटार इतकी चालली की १९०३मध्ये येलिनेकने स्वतःचे आडनावच येलिनेक-मर्सिडीज असे करून घेतले. बापाचे नाव मुलीला लागायचे, येथे मुलीचे नाव बापाला लागले. पुढे अमेरिकेत कोणी हौसेने मुलीला मर्सिडीज म्हणते तेव्हा शेजारी गालात हसतात. परंतु ते नाव मोटारीच्या आधी एका मुलीचेच होते, आणि त्याही आधी करुणेचे.

अमेरिकेत हे सारे एवढ्या मुक्तपणे घडते याचे एक साधे कारण आहे. आइसलँडमध्ये नवे नाव ठेवायचे तर समितीची संमती लागते आणि डेन्मार्कमध्ये मान्य नावांची यादी असते. अमेरिकेत केंद्र सरकारचा असा कायदाच नाही. राज्याराज्यांचे नियम आहेत, तेही बहुधा लिपीपुरते. कॅलिफोर्निया राज्य जन्मदाखल्यावर इंग्रजीची २६ अक्षरेच चालवते. म्हणून २०२०मध्ये उद्योगपती इलॉन मस्क यांनी मुलाचे नाव ‘एक्स ॲश ए-१२’ असे जाहीर केले, तेव्हा त्यातील बारा हा आकडा रोमन अक्षरांत लिहावा लागला. नावाच्या अर्थाविषयी सरकारने काही विचारले नाही.

सरकार फक्त मोजते. सामाजिक सुरक्षेचे खाते दरवर्षी मे महिन्यात मागील वर्षीच्या बाळांची नावे संख्येसह प्रसिद्ध करते. ही यादी १८८०पर्यंत मागे जाते. पाचांहून कमी बाळांना मिळालेले नाव त्यात दाखवीत नाहीत. ही यादी एखाद्या जुन्या पेढीच्या खतावणीसारखी वाचता येते. १८८०पासून १९६१पर्यंत मुलींत ‘मेरी’ हेच नाव पहिले होते. मध्ये १९४७ ते १९५२ ही सहा वर्षे तेवढी ‘लिंडा’ने तिला मागे टाकले. आज मेरी पहिल्या शंभरांतही नाही. एकेका घरात दोन-दोन मेरी असत, तेव्हा नावाचे काम कुळाशी जोडण्याचे होते. आता आईबापांना नाव गर्दीतून वेगळे काढणारे हवे असते.

तरीही विलक्षण नावे ही आजची फॅशन आहे असे मानणे चूक ठरेल. १६२०मध्ये ‘मेफ्लॉवर’ जहाजातून जे धर्मनिष्ठ प्रवासी त्या किनाऱ्याला लागले, त्यांच्यात लव्ह आणि रेसलिंग ब्रूस्टर हे दोघे भाऊ होते. एकाचे नाव प्रेम, दुसऱ्याचे झुंज, अर्थात मोहाशी आणि पापाशी झुंज. रिमेंबर, म्हणजे स्मरण ठेव, या नावाची एक मुलगी होती, आणि ह्युमिलिटी, म्हणजे विनय, या नावाची दुसरी. भर समुद्रात जन्मलेल्या मुलाचे नाव ओशनस ठेवले गेले. प्रसंगावरून नाव ठेवण्याची ही रीत जैन वाचकाला परकी वाटू नये. बाळ गर्भात आल्यापासून घरात धनधान्याची वृद्धी होऊ लागली म्हणून त्रिशलामातेच्या पुत्राचे नाव वर्धमान ठेवले, असे कल्पसूत्र सांगते.

जुन्या नावांना सद्गुणांचा आधार असे, नव्यांना पुष्कळदा पडद्याचा असतो. १९८४मध्ये आलेल्या ‘स्प्लॅश’ या चित्रपटात एक जलपरी न्यूयॉर्कला येते. रस्त्यावरची ‘मॅडिसन अव्हेन्यू’ ही पाटी ऐकून ती तेच नाव पसंत करते, आणि नायक म्हणतो की हे काही नाव नव्हे. लेखकांना तेथे केवळ विनोद साधायचा होता. परंतु २००१ साली मॅडिसन हे अमेरिकेतील मुलींचे दुसऱ्या क्रमांकाचे नाव झाले होते. गंमत अशी की शब्दाच्या शेवटचा ‘सन’ म्हणजे मुलगा. मॅडिसन हे मूळचे आडनाव, आणि त्याचा अर्थच अमक्याचा मुलगा असा आहे. तो रस्ता जेम्स मॅडिसन या चौथ्या राष्ट्राध्यक्षांच्या नावाचा, आणि जाहिरातदारांच्या कचेऱ्यांसाठी प्रसिद्ध. हजारो मुली ते मिरवतात आणि कोणाचे काही बिघडत नाही.

‘नेव्हेया’ हे नाव तर कोणत्याच कोशात नव्हते. इंग्रजीतील ‘हेवन’ हा स्वर्गवाचक शब्द शेवटच्या अक्षरापासून उलटा लिहिला की ते तयार होते. १९९९मध्ये या नावाची अवघी आठ बाळे नोंदली गेली. २०००मध्ये सनी सँडोव्हल या ख्रिस्ती गायकाने दूरचित्रवाणीवर आपल्या लहानग्या मुलीची ओळख या नावाने करून दिली. २००५मध्ये ४,४५७ मुलींना ते मिळाले आणि २०१०मध्ये ते पंचविसाव्या क्रमांकावर पोहोचले. अनेकांनी नाके मुरडली. परंतु ज्या आईला मुलीत स्वर्ग दिसतो आणि तरी तो शब्द उघड उच्चारायला संकोच वाटतो, तिची ही युक्ती निदान भावपूर्ण आहे. (देवनागरीत ‘स्वर्ग’ उलटा लिहायला गेले तर जे हाती येते ते उच्चारताही येत नाही.) एडन, जेडन, ब्रेडन, केडन या यमकी नावांबद्दल मात्र असे म्हणवत नाही. त्यांतील एडन हे आयर्लंडचे जुने नाव आहे आणि त्याचा अर्थ लहानसा अग्नी. बाकीची बरीचशी त्याच्या प्रतिध्वनीवर जगतात.

मुलांत अलीकडे पहिल्या पन्नासांत गेलेले ‘मॅव्हरिक’ हे नाव एका बुडीत येण्यातून जन्मले. सॅम्युएल मॅव्हरिक हे टेक्सासमधील वकील आणि जमीनदार. त्यांना एका कर्जाच्या फेडीत रोकड मिळाली नाही, गुरांचा कळप मिळाला. गुरांत त्यांना फारसा रस नव्हता. तप्त लोखंडाने डागून गुरांवर मालकाची खूण उमटवण्याची तिकडे चाल होती. त्यांच्या कळपातली वासरे बहुतेक न डागताच मोकळी फिरत. डाग नसलेले वासरू दिसले की लोक म्हणत, हे मॅव्हरिकचे. पुढे कोणाच्याही खुणेखाली न राहणाऱ्या स्वतंत्र माणसालाच तो शब्द लागला. चित्रपटातील वैमानिकामुळे ते नाव पाळण्यापर्यंत आले, हे खरे. पण ज्याच्या अंगावर कोणाचा डाग नाही असा तो, हा त्याचा अर्थ चित्रपटाहून मोठा आहे.

कारण त्याच देशात माणसांनाही मालकाची खूण बाळगावी लागे. आफ्रिकेतून धरून आणलेल्या गुलामांची नावे मालक बदलत, आणि पुष्कळदा सीझर, पॉम्पी, केटो अशी रोमन वीरांची नावे थट्टेने ठेवीत. ॲलेक्स हेली यांच्या ‘रूट्स’ या ग्रंथावरची मालिका १९७७मध्ये कोट्यवधी लोकांनी पाहिली. तिच्यातील कुंटा किंटे हा तरुण मालकाने दिलेले ‘टोबी’ हे नाव उच्चारीत नाही म्हणून चाबकाने फोडला जातो. त्याच्या मुलीचे, किझीचे नाव त्या वर्षी अनेक घरांत ठेवले गेले. लकीशा, लटोया, शनिक्वा अशी नवी घडवलेली नावे कृष्णवर्णीय कुटुंबांत या काळात बहरली. त्यांना अर्थ काय, असे विचारणाऱ्याला उत्तर एवढेच की ती कोणा मालकाने दिलेली नव्हती.

या स्वातंत्र्याची किंमत मुलांनी मोजली. मरियान बर्ट्रांड आणि सेंधिल मुल्लैनाथन या दोन अर्थशास्त्रज्ञांनी बोस्टन आणि शिकागो येथील नोकरीच्या जाहिरातींना सुमारे पाच हजार अर्ज धाडले. पात्रता सारख्या तोलाची, फरक फक्त नावाचा. काहींवर एमिली आणि ग्रेग यांसारखी नावे, काहींवर लकीशा आणि जमाल यांसारखी. २००४मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा की पहिल्या प्रकारच्या नावाला दहा अर्जांमागे एक बोलावणे येई, दुसऱ्याला पंधरांमागे. अर्ज वाचणाऱ्याने माणूस पाहिलाच नव्हता. आईने प्रेमाने दिलेले नाव अर्जाच्या पहिल्या ओळीतच अडवले गेले. यात दोष आईच्या निवडीचा म्हणावा, तर तो अन्याय होईल. तरीही भार मूलच वाहते, आणि त्याला कोणी विचारलेले नसते.

धर्माचा प्रश्न आला की तेथील मोकळीकही कसाला लागते. २०१३मध्ये टेनेसी राज्यात आईवडील बाळाच्या आडनावाचा वाद घेऊन न्यायालयात गेले. न्यायाधीशबाईंनी आडनाव बाजूला ठेवून ‘मसीहा’ या अर्थाचे बाळाचे नावच बदलून मार्टिन करण्याचा हुकूम दिला, कारण ही पदवी एकाच व्यक्तीची आहे असे त्यांचे मत होते. काही आठवड्यांतच वरच्या न्यायालयाने तो हुकूम रद्द केला. त्या काळात दरवर्षी शेकडो बाळांना तेच नाव मिळत होते.

‘खलीसी’ या नावाचे नशीब निराळे. जॉर्ज मार्टिन यांच्या कादंबऱ्यांतील एका कल्पित भाषेत त्याचा अर्थ राणी. म्हणजे ते नावही नव्हे, हुद्दा आहे. ‘गेम ऑफ थ्रोन्स’ ही मालिका २०११मध्ये सुरू झाली आणि २०१८मध्ये पाचशेहून अधिक मुली खलीसी झाल्या. पुढच्याच वर्षी अखेरच्या भागांत त्या राणीने शरण आलेले शहर जाळून टाकले. कथा पुरी होण्याआधी तिचे नाव उचलले की असे होते.

त्याच मालिकेतील दुसरे नाव ‘आर्या’. तेही अमेरिकेत झपाट्याने चढले. २०१८मध्ये ते मुलींच्या पहिल्या दीडशे नावांत होते. तेथे स्थायिक झालेल्या जैन कुटुंबांना हे नाव सोयीचे आहे, कारण परक्या जिभेवर ते मोडत नाही आणि आजीलाही ते आपलेच वाटते. आजीला ठाऊक असलेली आर्या म्हणजे मात्र तलवार चालवणारी मुलगी नव्हे. प्राकृतात तिलाच ‘अज्जा’ म्हणतात. आर्या चंदना ही महावीरांच्या छत्तीस हजार साध्वींची प्रमुख, एकेकाळी बाजारात विकली गेलेली राजकन्या. आता तेथील एखाद्या शाळेत एकीचे नाव मालिकेवरून आणि दुसरीचे चंदनबालेवरून ठेवलेले असते, आणि हजेरी घेताना बाई दोघींना आडनावाच्या आद्याक्षरावरून वेगळे ओळखतात.