बसला, पण जमला नाही

आम्हां परभणीकरांना परगावी कोणी गाव विचारले, की पाठोपाठ एक म्हण ऐकून घ्यावी लागते : ‘बनी तो बनी, नहीं तो परभणी!’ मी कधी तिचा राग मानला नाही. जमले तर जमले, नाही तर आपले गाव आहेच, हे तत्त्वज्ञान मला सोयीचेच वाटत आले. पण गेल्या उन्हाळ्यात त्याने मला चांगलेच पोळले. आणि तेही काडेपेटीहून लहान अशा एका चौकोनी तुकड्यापायी!

धाकट्या मुलीला अभ्यासासाठी संगणक हवा होता. नवा घेण्याची ऐपत नव्हती, तेव्हा एकेक भाग जमवून घरीच जोडायचा बेत ठरला. पुतण्याने पुण्याहून आपल्या जुन्या यंत्रातला प्रोसेसर पाठवून दिला. हा संगणकाचा मेंदू; इंटेलचा, आठव्या पिढीचा. आता मदरबोर्ड, म्हणजे सगळे भाग जिच्यावर बसतात ती पाटी, तेवढी हवी होती. तिच्यासाठी मुलीने सुट्टीत शिकवण्या घेऊन पैसे साठवले होते.

‘‘बाबा, बोर्ड घेण्याआधी कंपनीची यादी बघू या. कुठल्या बोर्डावर कुठला प्रोसेसर चालतो, ते तीत दिलेलं असतं,’’ ती म्हणाली.

‘‘अगं, यादी कसली बघायची? खाच ११५१ ची, बोर्डही ११५१ चा. एवढा हिशेब मला कळतो!’’

तीस वर्षे मी हिशेबनिसाची नोकरी केलेली. काल बारावी झालेल्या पोरीने मला आकडे शिकवावेत, हे मनाला रुचेना. जुन्या मालाच्या एका दुकानातून मी एच ११० जातीचा बोर्ड घेऊन आलो. प्रोसेसर खाचेत अलगद बसला. मी विजयी मुद्रेने मुलीकडे पाहिले आणि बटण दाबले. पंखा गरगरू लागला. पडदा मात्र काळा तो काळाच!

अर्धी रात्र तारा उपसण्यात गेली. शेवटी तिने मुकाट्याने ती यादी उघडली. तीत सहाव्या आणि सातव्या पिढीचे प्रोसेसर होते. आठवीचा पत्ताच नव्हता. २०१५ साली सहावी पिढी आली, २०१७ साली आठवी. पिनांची संख्या इंटेलने ११५१ च ठेवली, पण त्यांतल्या काहींची कामे बदलली आणि आठवीसाठी ३०० मालिकेचे बोर्ड काढले. मुलगी मला एक शब्दही बोलली नाही. बोलली असती, तर बरे वाटले असते.

त्या रात्री मला मनमाड आठवले. माझ्या लहानपणी परभणीची गाडी मीटरगेजवर धावे, मुंबईची ब्रॉडगेजवर. मनमाडला ट्रंका-वळकट्यांसह उतरून गाडी बदलावी लागे. एक मीटर रुंदीच्या रुळांवरचा डबा १६७६ मिलिमीटरच्या रुळांवर कसा जाणार? १९९० च्या दशकात आमचे रूळ बदलले आणि ती यातायात संपली. पण तिथला फरक निदान डोळ्यांना दिसे. इथे रुंदी तीच, रूळ तेच, आणि तरीही गाडी हलेना!

पुढचे आठ दिवस मी मुलीचा विद्यार्थी झालो. आधी खाच पाहायची, मग बोर्डाचा चिपसेट. तिसरी गोष्ट बायॉस, म्हणजे यंत्र सुरू होताच भागांची ओळख पटवणारा बोर्डातला छोटा प्रोग्रॅम. एएमडीची एएम ४ ही खाच बरीच वर्षे टिकली. पण २०१८ चा बी ४५० बोर्ड २०२० च्या रायझन ५००० ला जुन्या बायॉसवर ओळखच देत नाही. बायॉस नवा केला की देतो. कितव्या आवृत्तीपासून, तेही यादीत लिहिलेले असते. चौथी गोष्ट मेमरी. २०२१ साली आलेल्या एलजीए १७०० खाचेचे काही बोर्ड डीडीआर ४ घेतात, काही डीडीआर ५. एकीची पट्टी दुसरीच्या जागी बसत नाही.

दुसऱ्या बोर्डाचे पैसे अर्थातच मी दिले, आणि पहिल्याचेही तिला परत केले. या खेपेस यादीतली ओळ तिने दोनदा वाचली, मी तिसऱ्यांदा. बटण तिने दाबले. पडदा उजळला, तेव्हा ती जे हसली, त्यात मला माझी माफी मिळाली.

एच ११० अजून माझ्या टेबलावर पडून आहे. परवा ती म्हणाली, ‘‘बाबा, सहाव्या पिढीचा एखादा जुना प्रोसेसर मिळाला, तर हाही चालेल.’’

‘‘बघू या,’’ मी म्हटले, ‘‘पण आधी यादी काढ.’’